ऑइलवर चालणारं घर: न्यू इंग्लंडमधल्या पहिल्या हिवाळ्याची तयारी

घराच्या जाहिरातीत ‘हीट: ऑइल’ (म्हणजे घर डिझेलसारखं तेल जाळून तापतं) असं लिहिलेलं असेल, तर सही करण्याआधी विकणाऱ्याकडून गेल्या दोन हिवाळ्यांतल्या ऑइल डिलिव्हरीच्या पावत्या मागून घ्या. त्यातली रक्कम बघू नका, गॅलन बघा. रक्कम बाजारावर हलते, गॅलन त्या घराचा स्वभाव सांगतात.

मी मॅसॅच्युसेट्समध्ये वूस्टरजवळ राहते, 1950च्या दशकातल्या केप पद्धतीच्या (उतरत्या छपराच्या, दीड मजली) छोट्या घरात. माहेर सांगलीचं, त्यामुळे घर तापवण्यासाठी पैसे लागतात हेच मुळात इथे येऊन कळलं. आमच्या भागातली मराठी कुटुंबं एकेक करत अपार्टमेंट सोडून जुन्या घरांत राहायला जातात, आणि ऑक्टोबर लागला की मला फोन येऊ लागतात. “काकू, टाकीचा काटा पाववर आलाय. आत्ता मागवू, की भाव उतरायची वाट बघू?” या प्रश्नाचं उत्तर हो-नाहीत देता येत नाही, आणि ते देता यावं म्हणून काय काय माहीत असायला हवं, ते इथे लिहिते आहे.

आधी एक गोष्ट मनातून काढून टाका. टेक्सासमधल्या भावाच्या किंवा न्यू जर्सीतल्या मैत्रिणीच्या बिलाशी तुलना करू नका. अमेरिकेतली जवळपास निम्मी घरं नैसर्गिक वायूवर तापतात, त्याखालोखाल विजेवर. ऑइलवर तापणारी घरं शेकडा चारच्या आसपास, आणि त्यातली बहुतेक ईशान्येकडच्या राज्यांत. इथल्या अनेक गावांत गॅसची पाइपलाइन आलीच नाही. त्यामुळे देशाची सरासरी काय म्हणते याचा आपल्याला फारसा उपयोग नाही.

टाकी वाचायला शिका

बेसमेंटमध्ये उभट, कडा गोल असलेली जी लोखंडी टाकी दिसते ती बहुधा 275 गॅलनची असते. विस्ताराला जागा सोडावी लागते, म्हणून तिच्यात ऑइल मावतं अडीचशेच्या आसपास. वर प्लॅस्टिकची छोटी नळी असते आणि तिच्यात एक लाल चकती वरखाली होते, हाच टाकीचा काटा. चकती कुठे आहे ते बघा आणि नळीला बोटाने हलकी टिचकी मारून पुन्हा बघा, कारण आतला तरंगता भाग कधीकधी अडकतो. टाकीचा तळ गोल असल्यामुळे काटा पाववर आला की आत 275चा पुरता पाव भाग नसतो, साठच्या आसपास गॅलन असतात. अर्ध्यावरून पाववर यायला जेवढे दिवस लागले, तेवढे पाववरून तळाला जायला लागणार नाहीत. शिवाय तळाशी वर्षानुवर्षांचा गाळ असतो आणि तो फिल्टरमध्ये ओढला जाणं परवडणारं नाही. म्हणून पाव ही माझी शेवटची रेघ. त्याखाली मी भावाचा विचारच करत नाही, मागवून मोकळी होते.

सिलिंडरच्या जमान्यात आपल्याकडे एक संपला की दुसरा लावायचा आणि मग नंबर लावायचा, ही सवय हाडीमाशी खिळलेली आहे. इथे दुसरी टाकी नाही. टाकी पूर्ण आटली तर नुसतं ऑइल भरून भागत नाही, बर्नरकडे जाणाऱ्या नळीत हवा शिरलेली असते आणि ती काढायला तंत्रज्ञ बोलवावा लागतो. तोही नेमका शून्याखालच्या रात्री, जेव्हा सगळ्या गावाला तोच हवा असतो.

भरताना एक शिटी ऐकू येते. ऑइल आत जाताना हवा बाहेरच्या वेंट पाइपमधून निघते आणि वाटेतली शिटी वाजत राहते. शिटी थांबली की टाकी भरली. ट्रकवाला या शिटीवरच काम करतो, म्हणून वेंटचं तोंड बर्फाखाली जाऊ देऊ नका. आणि घर घेताना बाहेर भिंतीवर एखादा जुना, टाकी नसलेला भरणपाइप तर नाही ना, हे नक्की तपासा. टाकी काढली पण पाइप तसाच राहिला, अशा घरांत चुकून थेट बेसमेंटच्या जमिनीवर ऑइल ओतलं गेलेलं आहे. टाकीपासून बॉयलरपर्यंतच्या (ऑइल जाळून घर तापवणाऱ्या यंत्रापर्यंतच्या) नळीला संरक्षक वेष्टण किंवा सेफ्टी व्हॉल्व्ह असणं मॅसॅच्युसेट्समध्ये 2011पासून सक्तीचं आहे. ते आहे का, हेही इन्स्पेक्शनच्या वेळीच विचारा.

आपल्या घराचा आकडा काढा

हे पाऊल बहुतेक लोक गाळतात. माझ्या मते बाकी सगळं एकीकडे आणि हे एकीकडे.

‘डिग्री डे’ नावाचं एक माप आहे. दिवसाचं सरासरी तापमान 65 फॅरनहाइटपेक्षा जितकं कमी, तितके त्या दिवसाचे डिग्री डे. सरासरी 25 असेल तर 40, सरासरी 10 असेल तर 55. राष्ट्रीय हवामान सेवेच्या संकेतस्थळावर जवळच्या केंद्राचे रोजचे आकडे फुकट मिळतात. बॉस्टनला वर्षाकाठी साधारण साडेपाच हजार डिग्री डे होतात. समुद्रापासून आत आणि उंचावर जाल तसे वाढतात.

आता टाकी पूर्ण भरली त्या तारखेपासून पुढच्या वेळी पुन्हा पूर्ण भरली त्या तारखेपर्यंतचे डिग्री डे जोडा आणि दुसऱ्या पावतीवरच्या गॅलनने भागा. समजा मधल्या काळात 1,050 डिग्री डे झाले आणि टाकीत 150 गॅलन गेले. उत्तर आलं 7. म्हणजे तुमचं घर एका गॅलनमध्ये 7 डिग्री डे काढतं. ऑइलवाले याला के-फॅक्टर म्हणतात, आणि ऑटो डिलिव्हरीचा (न मागवता आपोआप येणारा) ट्रक तुमच्याकडे कधी पाठवायचा हे ते यावरूनच ठरवतात. त्यांच्याकडे हा आकडा असतो, तर तो आपल्याकडेही असावा.

हा आकडा हातात आला की फोनवरच्या प्रश्नाचं उत्तर आपलं आपल्याला मिळतं. 25 अंशांच्या दिवसाला 40 भागिले 7, म्हणजे पावणेसहा गॅलन. 10 अंशांच्या दिवसाला जवळजवळ आठ. काटा पाववर आहे, पुढच्या आठवड्याचा अंदाज 10 अंशांचा आहे, आणि ऑइलवाला म्हणतोय की चार दिवसांनी येतो. मग भाव उतरायची वाट बघण्याइतका वेळच तुमच्याकडे नाही.

बॉयलर आंघोळीचं पाणीही तापवत असेल, तर उन्हाळ्यातही थोडं ऑइल जळतं. उन्हाळ्यात रोज किती जातं ते एकदा मोजून ठेवा आणि हिवाळ्याच्या हिशेबातून वजा करा, आकडा आणखी नेमका येईल. मी बॉयलरशेजारी एक वही टांगून ठेवली आहे. तारीख, काटा, गॅलन, दर, डिग्री डे, एवढेच रकाने. आकडा एकाएकी घसरला, 7चा 6 झाला, तर भाव नव्हे, घर बदललंय असं समजा: बर्नरचा नॉझल (ऑइल फवारणारं तोंड) खराब झाला असेल, कुठे खिडकी नीट बसत नसेल, किंवा पोटमाळ्याचं दार उघडं राहिलं असेल.

भाव कशाने हलतो

घर तापवायचं ऑइल आणि ट्रकमधलं डिझेल हा जवळपास एकच माल आहे. रस्ताकर लागत नाही म्हणून घरच्या ऑइलला लाल रंग घातलेला असतो, एवढाच ढोबळ फरक. म्हणून आपला भाव फक्त आपल्या थंडीवर ठरत नाही. मालवाहतूक, सुगीच्या दिवसांतली शेतीयंत्रं, युरोपातली मागणी, हे सगळे आपल्याच रांगेत उभे असतात.

कच्च्या तेलाचा हिशेब सोपा आहे. एका पिंपात 42 गॅलन. पिंप 10 डॉलरने वाढलं की गॅलनमागे साधारण 24 सेंट. पण नुसत्या कच्च्या तेलाकडे बघत बसलात तर फसाल. 2022चंच बघा. रशियाने युक्रेनवर हल्ला केल्यावर मार्चमध्ये ब्रेंट (कच्च्या तेलाचा जागतिक भाव ज्यावर मोजतात ते तेल) पिंपाला 120 डॉलरच्या वर गेलं होतं. ऑक्टोबरपर्यंत कच्चं तेल बरंच खाली आलं, तरी घरपोच ऑइल नोव्हेंबरमध्ये गॅलनला पाच डॉलरच्या वर होतं, कारण डिझेल आणि हीटिंग ऑइलचे साठे त्या मोसमासाठी फार खाली गेले होते. दोनच वर्षांपूर्वी, 2020च्या ऑक्टोबरात, हेच ऑइल सव्वादोन डॉलरच्या आतबाहेर मिळत होतं. त्यामुळे बातम्यांत ‘क्रूड उतरलं’ ऐकलं की लगेच हायसं वाटू देऊ नका. बघायचा आकडा म्हणजे ‘डिस्टिलेट’ (डिझेल आणि हीटिंग ऑइल मिळून) साठ्याचा.

तो ऊर्जा माहिती प्रशासन, म्हणजे ईआयए, दर बुधवारी जाहीर करतं. ऑक्टोबर ते मार्च याच खात्याकडून घरगुती ऑइल आणि प्रोपेनचे (टाकीत भरून येणाऱ्या गॅसचे) राज्यवार भावही दर आठवड्याला येतात. ऑक्टोबरात ते हिवाळ्याचा अंदाज मांडतात: कुठल्या इंधनावरच्या घराला साधारण किती खर्च येईल, आणि थंडी दहा टक्के जास्त किंवा दहा टक्के कमी पडली तर किती. हे तीन आकडे एकत्र वाचा. मी पैसे बाजूला काढते ते जास्त थंडीच्या आकड्याप्रमाणे. मॅसॅच्युसेट्सचा ऊर्जा विभागही हिवाळ्यात ऑइलच्या भावांची पाहणी करतो, आणि आपला ऑइलवाला सरासरीपेक्षा किती वर आहे हे तिथे लगेच दिसतं.

कोणाकडून आणि कसं घ्यायचं

दोन जातीचे ऑइलवाले असतात. एक पूर्ण सेवा देणारे: आपोआप डिलिव्हरी, वार्षिक साफसफाई, रात्री-अपरात्री तंत्रज्ञ. दुसरे फक्त ट्रक पाठवणारे, रोख भावाने. दोघांच्या दरात गॅलनमागे अर्धा डॉलर किंवा त्याहून जास्त फरक सहज असतो. घरी राहून काट्यावर लक्ष ठेवणार असाल तर रोख भावाचा ऑइलवाला धरा आणि साफसफाईसाठी वेगळा तंत्रज्ञ ठरवून ठेवा. सतत प्रवास असेल, किंवा घरात फक्त म्हातारी माणसं किंवा तान्हं बाळ असेल, तर जास्त दर देऊन ऑटो डिलिव्हरी घ्या. तिथे मी पैशाचा विचार करणार नाही.

दर विचारताना तीन गोष्टी विचारा: किती गॅलनपासून हा दर आहे, किती दिवसांत याल, आणि कार्डाने दिले तर वेगळा दर आहे का. बरेच जण 100 गॅलनच्या खाली येत नाहीत आणि 150 किंवा 200च्या पुढे दर कमी करतात. म्हणून अर्ध्याच्या थोडं खाली काटा आला की मागवणं सोयीचं. पावती ट्रकच्या मीटरवर छापलेली हवी. हाताने लिहिलेला आकडा मान्य करू नका.

उन्हाळ्यात ‘प्री-बाय’च्या जाहिराती येतात. आत्ता पैसे भरा, हिवाळाभर हाच दर. हा सौदा नफ्यासाठी करायचा नसतो. 2022च्या उन्हाळ्यात भाव चढेच होते. ज्यांनी तेव्हा बांधून घेतले त्यांना नोव्हेंबरात बरं वाटलं, पण 2023च्या मार्चपर्यंत भाव चारच्या आसपास आलेला होता. ‘कॅप’ नावाचा दुसरा प्रकार असतो: थोडं शुल्क भरायचं, मग भाव ठरलेल्या मर्यादेवर जात नाही आणि उतरला तर उतरलेला भाव मिळतो. महिन्याचं अंदाजपत्रक घट्ट असेल तर मी कॅपचाच सल्ला देते. कुठलाही करार करताना भरलेल्या पैशाला संरक्षण काय, हे लेखी विचारा. ओळखीतल्या एका कुटुंबाने आगाऊ पैसे भरले आणि ऐन मोसमात तो व्यवसायच बंद पडला. त्यांना तेच ऑइल दुसरीकडून पुन्हा विकत घ्यावं लागलं.

पैशाची खरोखर ओढाताण असेल तर संकोच करू नका. ‘फ्युएल असिस्टन्स’ म्हणून जी मदत मिळते ती केंद्र सरकारच्या निधीतून येते आणि स्थानिक संस्थेकडे अर्ज करावा लागतो. पात्रतेचे नियम तिथेच समजावून सांगतात. नोकरी गेलेल्या माणसाने टाकी रिकामी होईपर्यंत गप्प बसू नये.

दुसऱ्या इंधनावर जावं का

वेगवेगळ्या इंधनांचे दर एकमेकांशेजारी ठेवून काही कळत नाही. सारख्या उष्णतेचा खर्च काढा. बीटीयू हे उष्णतेचं माप: एक गॅलन ऑइलमध्ये साधारण 1,38,500 बीटीयू, एक गॅलन प्रोपेनमध्ये 91,500, एका युनिट विजेत 3,412. समजा ऑइल 3.80 डॉलर आणि बॉयलर 85 टक्के कार्यक्षम. घराला दहा लाख बीटीयू मिळायला साडेआठ गॅलन लागतील, म्हणजे 32 डॉलर. प्रोपेन 3.40 डॉलरला मिळालं तर वरवर स्वस्त दिसतं, पण 90 टक्के कार्यक्षमता धरूनही खर्च 41 डॉलर. साधा इलेक्ट्रिक हीटर, 30 सेंट युनिटने, 88 डॉलर. हीट पंप (बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून आत आणणारं विजेवरचं यंत्र) मात्र एका युनिटात अडीच-तीन युनिटांची उष्णता घरात आणतो. 2.7 धरले तर पुन्हा साडेबत्तीस डॉलर. म्हणजे या दरांना ऑइल आणि हीट पंप बरोबरीत.

पण विजेचा दर गावागणिक बदलतो. श्रूजबरीसारख्या काही गावांत वीज नगरपालिकेची आहे आणि तिचा दर मोठ्या कंपन्यांपेक्षा बहुधा बराच कमी असतो. 18 सेंटने हाच हिशेब वीस डॉलरच्या आत येतो. अशा गावात असाल तर हीट पंपाचं कोटेशन घ्याच. मात्र ‘मास सेव्ह’ या मॅसॅच्युसेट्सच्या ऊर्जाबचत योजनेची अनुदानं मोठ्या वीज आणि गॅस कंपन्यांच्या ग्राहकांसाठी असतात, त्यामुळे नगरपालिकेची वीज असेल तर तिच्याच योजना विचारा. केंद्राची करसवलत 2025अखेर संपली आहे, ती धरून कोणी हिशेब दाखवला तर तो जुना आहे. आणि हीट पंप लावला तरी ऑइलचा बॉयलर लगेच काढून टाकू नका. कडाक्याच्या थंडीत पंपाची कार्यक्षमता घसरते, तेव्हा बॉयलर कामी येतो.

न्यू इंग्लंडमध्ये वीज हिवाळ्यात का महागते हेही यातूनच कळतं. इथली निम्म्याच्या आसपास वीज नैसर्गिक वायूवर तयार होते, आणि थंडीत तोच वायू घरं तापवायला लागतो. पाइपलाइन तेवढीच. दाराशी येऊन “वीजबिल दाखवा, स्वस्त दर देतो” म्हणणाऱ्या विक्रेत्याला बिल दाखवू नका. अशा पुरवठादारांकडे गेलेल्या घरगुती ग्राहकांचं एकूण नुकसानच झाल्याचं राज्याच्या ॲटर्नी जनरल कार्यालयाने 2018पासून वारंवार दाखवून दिलं आहे.

गॅलन कमी करायचे ते असे

सर्वात आधी पोटमाळा. भिंतींपेक्षा, खिडक्यांपेक्षा आधी. गरम हवा वर जाते आणि दिव्यांच्या, पाइपांच्या भोकांतून निघून जाते. ती भोकं बुजवून मग इन्सुलेशन, हाच क्रम. ‘मास सेव्ह’ची तपासणी फुकट होते.

थर्मोस्टॅट रात्री आठ तास 7 ते 10 अंश खाली ठेवला तर वर्षाला दहा टक्क्यांपर्यंत बचत होऊ शकते, असं ऊर्जा खातं सांगतं. हीट पंप असेल तर मात्र एवढं खालीवर करू नका.

जानेवारीत आई-बाबा आले की त्यांना 72-74 हवं असतं, आणि ते बरोबरच आहे. त्यासाठी सगळं घर तापवायची गरज नाही. त्यांच्या खोलीत तेल भरलेला इलेक्ट्रिक रेडिएटर ठेवा. 1,500 वॅटचा दहा तास सलग चालला तरी 15 युनिट, साडेचार डॉलर. तो थेट भिंतीच्या सॉकेटमध्ये लावा, एक्स्टेन्शनवर कधीही नाही. बॉयलर बंद पडला म्हणून स्वयंपाकाचा गॅस पेटवून ठेवणं किंवा कोळशाची शेगडी आत आणणं हा जिवाशी खेळ आहे. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. अलार्म प्रत्येक मजल्यावर हवा आणि त्याची बॅटरी चालू हवी.

लग्नसराईत भारतात जाताना

डिसेंबरात घर तीन-चार आठवडे बंद राहणार असेल तर निघण्याआधी टाकी भरून घ्या. थर्मोस्टॅट 55च्या खाली नको, जुन्या घरात 58-60 बरं. सिंकखालच्या कपाटांची दारं उघडी ठेवा. पाण्याचा मुख्य व्हॉल्व्ह बंद करायचा असेल तर बॉयलरला पाणी कुठून येतं हे तंत्रज्ञाला आधी विचारा. शेजाऱ्यांकडे किल्ली द्या आणि एक दिवसाआड आत डोकावायला सांगा. नुसत्या फोनवरच्या थर्मोस्टॅटवर विसंबू नका, वीज गेली की तोही गप्प होतो. विम्याच्या कागदावर घर तापवत ठेवण्याची अट असते, ती वाचून ठेवा, कारण फुटलेल्या पाइपाचा दावा तिथेच अडतो.

हीट बंद पडली तर

तंत्रज्ञाला फोन करण्याआधी बेसमेंटच्या जिन्याच्या तोंडाशी लाल पट्टीचं एक बटण असतं ते बघा. ते बॉयलरचं बटण आहे. पाहुणे आणि मुलं ते दिव्याचं समजून बंद करतात. ते चालू असेल तर टाकीचा काटा, मग थर्मोस्टॅटची बॅटरी, मग ब्रेकर. त्यानंतर बर्नरवरचं रीसेट बटण फक्त एकदा दाबा. पेटलं नाही तर पुन्हा दाबू नका, आत न जळलेलं ऑइल साचत जातं. टाकीच आटली असेल आणि ट्रक सकाळी येणार असेल, तर पेट्रोल पंपावरून पिवळ्या कॅनमध्ये पाच गॅलन डिझेल आणून बाहेरच्या भरणपाइपात ओता. रात्र निघते. बर्नर तरीही पेटला नाही तर नळीतली हवा काढायला तंत्रज्ञ लागेलच, आणि तो येईपर्यंत सिंकचे नळ बारीक धारेने चालू ठेवा.